गणिताचा एच-इंडेक्स ८, रसायनशास्त्राचा ३१ : तुलना करायची कशी?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही पडताळता येईल. तुमच्या कॉलेजने यंदापासून 'उत्कृष्ट संशोधक' पुरस्कार सुरू केला आहे आणि छाननी समितीचं काम तुमच्याकडे आलं आहे. तीन नावं पुढे आहेत. गणिताचे सर : १८ वर्षांत २२ पेपर, एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांना मिळालेले उल्लेख यांवरून निघणारा आकडा) ८. रसायनशास्त्राच्या मॅडम : नॅनोमटेरियलवर काम, १४ वर्षांत १४० पेपर, एच-इंडेक्स ३१. आणि इतिहासाचे सर : दोन ग्रंथ, अकरा लेख, बहुतेक मराठीत, स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये नोंद शून्य. प्राचार्यांनी सांगितलं आहे की कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही असं एखादं सूत्र काढा. तुम्ही विचारता की सगळ्या विषयांना लागू पडेल असं सूत्र आहे का.

तिघांना एका रांगेत उभं करून पहिला-दुसरा-तिसरा ठरवणारं सूत्र नाही. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात २७ वर्षं काढली. त्यातली शेवटची पंधराएक वर्षं निवड समित्यांसाठी, कॅसच्या (प्राध्यापकांच्या बढतीच्या) फायलींसाठी आणि नॅकसाठी (उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी संस्था) सायटेशनचे, म्हणजे कुणाच्या पेपरचा इतरांनी किती वेळा उल्लेख केला याचे, अहवाल तयार करण्यात गेली. त्या काळात असं सूत्र बनवायचे प्रयत्न मी जवळून पाहिले, काहींत स्वतः भाग घेतला. प्रत्येक वेळी एकाच विषयाचे लोक वर येत राहिले, आणि त्याचं कारण त्या लोकांच्या कामात नव्हतं, विषयाच्या सवयींत होतं. मात्र सूत्र नाही म्हणजे आकडे निरुपयोगी, असंही मी म्हणणार नाही. 'तिघांत मोठं कोण' हा प्रश्न बाजूला ठेवून 'प्रत्येक जण आपापल्या विषयाच्या जगात कुठे उभा आहे' असं विचारलं, तर आकडे पुष्कळ सांगतात. निदान तिघांपैकी दोघांबद्दल तरी. तिसऱ्यांबद्दल शेवटी लिहिते, कारण तिथे वेगळाच मार्ग धरावा लागतो.

कोकणातल्या भाताचं एकरी उत्पादन आणि सोलापूरकडच्या ज्वारीचं एकरी उत्पादन शेजारी मांडून कोण चांगला शेतकरी हे आपण ठरवत नाही. त्या भागात, त्या पावसात, तेच पीक घेणाऱ्या बाकीच्यांना किती पिकलं हे आधी विचारतो. सायटेशनचं अगदी तसंच आहे. गणिताच्या पेपरखाली साधारण पंधरा-पंचवीस संदर्भ असतात. जीवशास्त्र-वैद्यकात चाळीस-पन्नास सहज, आढावा लेख असेल तर शंभराच्या पुढे. आता सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी संदर्भयादीतली एक ओळ. ज्या विषयात याद्याच आखूड, तिथे वाटायला ओळीच कमी. शिवाय गणितात लोक कमी लिहितात, छापून यायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि तीस वर्षांपूर्वीचं प्रमेय आजही ताजं असतं. नॅनोमटेरियलमध्ये पेपर आठवड्यांत छापून येतो, त्या वाटेवर हजारो लोक चालत असतात आणि पाच वर्षांपूर्वीचं काम जुनं वाटायला लागतं. म्हणजे तुमच्या गणिताच्या सरांचे ८ आणि मॅडमचे ३१ ही एकाच पट्टीवरची मापं नाहीतच.

एच-इंडेक्सची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण समितीतले बहुतेक सदस्य तोच आकडा हातात धरून बसलेले असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी तो २००५ साली सुचवला. व्याख्या सोपी : ज्यांना प्रत्येकी किमान ८ सायटेशन आहेत असे ८ पेपर असतील, तर एच-इंडेक्स ८. हिर्श यांनी त्याच लेखात भौतिकशास्त्रासाठी अंदाज दिले होते. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात नोकरी कायम होण्यासाठी साधारण १२, पूर्ण प्राध्यापकपदासाठी १८, तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यत्वासाठी ४५. आणि जीवशास्त्रात हे आकडे बरेच वर असतात, हेही त्यांनी तिथेच दाखवलं होतं. त्यांच्या यादीत भौतिकशास्त्रात सर्वांत वर एडवर्ड विटेन होते, ११०. जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर, १९१. विटेन हे स्नायडर यांच्यापेक्षा निम्म्या तोडीचे शास्त्रज्ञ आहेत असं म्हणायची कुणाची तयारी असेल? ज्यांनी हे माप काढलं त्यांनी पहिल्याच दिवशी दिलेला हा इशारा आपल्याकडे मात्र पोचलाच नाही. पोचला तो फक्त आकडा. २०२० मध्ये स्वतः हिर्श यांनी लिहिलं की हे माप पार फसूही शकतं आणि त्याचे गंभीर, अनपेक्षित दुष्परिणाम होऊ शकतात.

आणखी दोन गोष्टी समितीला सांगा. एच-इंडेक्स कधी कमी होत नाही, म्हणजे तो वयाबरोबर वाढतो. २२ वर्षं नोकरी झालेल्याची आणि सहा वर्षं झालेल्याची तुलना त्याने करता येत नाही. दुसरं, तो पेपरांच्या संख्येपलीकडे जाऊच शकत नाही. गणिताच्या सरांच्या प्रत्येक पेपरला हजार सायटेशन असती तरी त्यांचा एच-इंडेक्स २२ वर थांबला असता आणि मॅडमच्या खालीच राहिला असता. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांचं उदाहरण यासाठी मी नेहमी देते. हिग्ज बोसॉन या कणाचं भाकीत करणाऱ्या १९६४ च्या त्या प्रसिद्ध कामानंतर त्यांनी दहापेक्षा कमी पेपर लिहिले, आणि नोबेल मिळालं त्या वर्षी, २०१३ मध्ये, त्यांनीच सांगितलं की आजच्या व्यवस्थेत आपल्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती.

आता करायचं काय? विषयांमधला फरक आकड्यातूनच काढून टाकायची एक पद्धत आहे आणि ती खरंच समजण्यासारखी आहे. एखाद्या पेपरला मिळालेली सायटेशन घ्यायची आणि त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांना जगभरात सरासरी किती मिळाली त्याने भागायचं. उत्तर १ आलं तर जगाच्या सरासरीइतकं, २ आलं तर दुप्पट. समजा गणिताच्या सरांच्या २०१६ मधल्या पेपरला १४ सायटेशन आहेत आणि त्या वर्षीच्या तशा पेपरांची जागतिक सरासरी ७ आहे, तर भागाकार २. मॅडमच्या त्याच वर्षीच्या पेपरला ४२ आहेत आणि त्यांच्या क्षेत्राची सरासरीही ४२ आहे, तर भागाकार १. (हे आकडे हिशेब समजावा म्हणून मी घेतले आहेत. खरे तुम्हाला शोधावे लागतील.) स्कोपसच्या जगात याला फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट म्हणतात, वेब ऑफ सायन्स या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांकडे दुसरं नाव आहे, पण कल्पना तीच. २००८ मध्ये रादिक्की, फोर्तुनातो आणि कास्तेल्लानो या तिघांनी दाखवलं की असा भागाकार केल्यावर वेगवेगळ्या विषयांचे सायटेशनचे आलेख जवळजवळ एकावर एक बसतात. ही पद्धत वापरण्यामागे तो मोठा आधार आहे.

'त्याच प्रकारचे' या शब्दांवर मी मुद्दाम जोर देते. आढावा लेखाला नेहमीच्या शोधनिबंधापेक्षा कितीतरी जास्त सायटेशन मिळतात. मॅडमच्या १४० पैकी आढावा लेख किती, हे वेगळं मोजा. तसंच पद्धत सांगणारा पेपर. विज्ञानाच्या इतिहासात सर्वांत जास्त वेळा उल्लेखला गेलेला पेपर म्हणजे लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायची रीत सांगणारा. त्याची सायटेशन तीन लाखांच्या पुढे आहेत. तो अतिशय उपयोगी पेपर आहे आणि प्रयोगशाळांनी तो रोज वापरला, पण विसाव्या शतकातला सर्वांत मोठा शोध तोच, असं खुद्द लॉरींनाही वाटलं नसतं.

आता या पद्धतीत लोक कुठे घसरतात ते सांगते. तीन जागा आहेत, आणि पहिली सर्वांत मोठी.

'विषय' म्हणजे काय, हे डेटाबेस ठरवतो, आणि तो ते जर्नलवरून ठरवतो. आपल्याकडच्या गणित विभागांत काय चालतं ते तुम्हाला माहीत असेलच. एक जण संख्या सिद्धांतात किंवा बीजगणितात काम करतो, तर शेजारच्या टेबलावरचा नॅनोफ्लुइडमधल्या उष्णतावहनाची समीकरणं संगणकावर सोडवतो. दोघंही गणिताचेच प्राध्यापक. दुसऱ्याचे पेपर कधी अभियांत्रिकीच्या जर्नलमध्ये, कधी उपयोजित गणिताच्या. त्याला मिळणारी सायटेशन अभियांत्रिकीच्या वेगाने येतात, पण काही पेपर 'गणित' या खान्यात पडले की त्यांची तुलना संख्या सिद्धांताशी होते आणि भागाकार फुगतो. गणितात सरासरीच इतकी कमी, की थोड्याशा जादा सायटेशननेही माणूस जगाच्या टोकावर जाऊन बसतो. याचा गैरफायदा इतका घेतला गेला की वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ मध्ये आपल्या 'सर्वाधिक उद्धृत संशोधक' यादीतून गणित हा विषयच वगळला. म्हणून तुमच्या सरांचं नेमकं क्षेत्र कोणतं, हे त्यांनाच विचारा आणि तुलनाही त्याच क्षेत्राशी करा. डेटाबेसने दिलेलं नाव जसंच्या तसं स्वीकारू नका.

दुसरी जागा सरासरीची. सायटेशनचं वाटप कधीच समसमान नसतं. थोड्या पेपरांना खूप आणि बाकीच्यांना अगदी थोडी, असंच ते असतं. त्यामुळे एकच पेपर अख्ख्या माणसाची, कधी अख्ख्या जर्नलची सरासरी उचलून धरतो. स्फटिकशास्त्रातल्या एका जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) २००८ मध्ये २ च्या आसपास होता आणि २००९ मध्ये तो जवळजवळ ५० झाला. कारण एकच : जॉर्ज शेल्ड्रिक यांनी शेल्क्स या संगणक प्रणालीचा इतिहास सांगणारा लेख तिथे लिहिला आणि ती प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येकाने त्याचा उल्लेख केला. त्याच अंकांत लेख छापलेल्या बाकीच्यांच्या कामात त्या वर्षात काहीही बदललेलं नव्हतं. माणसाच्या बाबतीत हेच होतं. वैद्यकातल्या एखाद्या प्रचंड आंतरराष्ट्रीय अभ्यासात शेकडो सहलेखकांपैकी एक म्हणून नाव आलं की भागाकाराची सरासरी एकदम वर जाते.

म्हणून मी सरासरीपेक्षा टक्केवारी वापरते. प्रत्येक पेपर त्याच्या विषयातल्या त्या वर्षीच्या पेपरांत वरच्या १० टक्क्यांत येतो का, एवढंच बघायचं. जगात कुणाचाही 'अपेक्षित' वाटा व्याख्येनेच १० टक्के. समजा गणिताच्या सरांचे २२ पैकी ४ पेपर तिथे आहेत, म्हणजे १८ टक्के. मॅडमचे १४० पैकी १५, म्हणजे ११ टक्क्यांच्या जरा खाली. मग सर पुढे? थांबा. २२ पेपरांत एक पेपर इकडचा तिकडे झाला तरी टक्केवारी साडेचारने हलते. ४ चे ३ झाले की १८ चे १४ होतात. एवढ्या लहान संख्येवर क्रम लावणं मला मान्य नाही. या आकड्यावरून मी फक्त एवढंच म्हणेन की एच-इंडेक्सवरून वाटत होतं तसे सर मागे नाहीत, दोघंही आपापल्या क्षेत्रात जगाच्या सरासरीच्या वर आहेत. समितीसाठी हीच माहिती मोलाची आहे. त्यापुढचा निवाडा आकड्याकडून मागू नका.

तिसरी जागा श्रेयाची. १४० पेपरांत मॅडम नेमक्या कोण आहेत? गणितात लेखकांची नावं बहुधा वर्णानुक्रमे लागतात, तिथे 'पहिला लेखक' याला काही अर्थ नाही. प्रयोगशाळेच्या विषयांत पहिला म्हणजे ज्याने हाताने काम केलं तो आणि शेवटचा म्हणजे ज्याची प्रयोगशाळा तो, असा सर्वसाधारण संकेत आहे. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनचं वस्तुमान सांगणारा जो पेपर आला त्याला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांच्या त्या पेपरात २४ पानं नुसती नावांची आणि संस्थांची होती. त्यातल्या एकाही माणसाला मी कमी लेखत नाही, असे प्रयोग तसेच होतात. पण त्या पेपरची सगळी सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण टाकायची आणि शेजारी एकट्याने लिहिणाऱ्याला ठेवायचं, हे न्यायाचं नाही. अहवालात मी नेहमी तीन ओळी वेगळ्या देते : एकट्याने लिहिलेले पेपर, पहिला किंवा पत्रव्यवहाराचा (पेपरची मुख्य जबाबदारी घेणारा) लेखक म्हणून लिहिलेले, आणि बाकीचे.

या सगळ्याच्याही आधी एक काम आहे. ते कंटाळवाणं आहे, पण बहुतेक अन्याय तिथेच होतो. माणसाची यादी शुद्ध करा. आपली नावं डेटाबेसला झेपत नाहीत. एस. पाटील, ए. कुलकर्णी, व्ही. जाधव : या नावांखाली किती माणसं आहेत याचा विचार करा. गूगल स्कॉलर आपण होऊन पेपर जोडत जातो, आणि मी पाहिलेल्या एका प्रोफाइलमध्ये कृमिशास्त्र, काँक्रीट आणि हृदयरोग एकत्र नांदत होते. उमेदवाराची लबाडी नव्हती, त्यांनी ते पान वर्षानुवर्षं उघडलंच नव्हतं. उलट बाजूने स्त्रियांचं नुकसान होतं. लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं आडनाव, मधलं अक्षर कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. एका निवड समितीसाठी मी एका रसायनशास्त्रज्ञ बाईंची माहिती काढली तेव्हा स्कोपसमध्ये त्यांची दोन प्रोफाइल होती, एक ११ एच-इंडेक्सचं आणि एक १३ चं. समितीच्या कागदावर १३ आला होता. दोन्ही जोडल्यावर १७ झाला. बैठकीच्या आदल्या दिवशी ते लक्षात आलं नसतं तर त्या यादीत खालीच राहिल्या असत्या, आणि त्यांना कधी कारणही कळलं नसतं. ती गोष्ट मनातून जात नाही, कारण त्याआधीच्या किती फायलींत माझ्या हातून हे सुटलं असेल हे मला सांगता येणार नाही. तेव्हा तिघांनाही त्यांची यादी आधी दाखवा, तपासून सही करून परत मागा, आणि ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख सांगणारा) नसेल तर तो काढायला सांगा. तो फुकट मिळतो, २०१२ पासून आहे आणि पाच मिनिटांचं काम आहे.

स्वतःच्याच पेपरांचे उल्लेख किती, हेही बघा. थोडे असणारच, माणूस आपलंच काम पुढे नेत असतो. प्रमाण त्याच क्षेत्रातल्या इतरांच्या खूप वर असेल तेव्हा थांबून विचारायचं.

तुम्ही जाता जाता 'स्टॅनफर्डची दोन टक्के यादी' ग्राह्य धरावी का, असंही विचारलं आहे. दरवर्षी वर्तमानपत्रांत बातमी येते, कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागतो, म्हणून हे नीट सांगते. जगातल्या वरच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची ही यादी स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन आयोआनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून करतात. तो विद्यापीठाने दिलेला सन्मान नाही. पण यादीची रचना विचारपूर्वक केलेली आहे. सहा मापं एकत्र करून एक गुणांक काढतात. त्यात एकट्याने, पहिला आणि शेवटचा लेखक म्हणून केलेल्या कामाच्या सायटेशनचा वेगळा विचार आहे, स्वतःची सायटेशन धरून आणि वगळून असे दोन्ही आकडे आहेत, आणि तुलना १७४ उपविषयांपैकी ज्याच्या त्याच्या उपविषयात होते. दोन याद्या असतात : एक संपूर्ण कारकिर्दीची, दुसरी एका वर्षातल्या सायटेशनची. कुणी तुम्हाला 'मी दोन टक्क्यांत आहे' म्हणालं तर कोणत्या यादीत, कोणत्या उपविषयात आणि स्वतःची सायटेशन वगळल्यावर कितवा क्रमांक, एवढं विचारा. उत्तरं चांगली असतील तर ती भर म्हणून नोंदवा. यादीत नाव नाही म्हणून मात्र कुणाला वजा करू नका.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल ग्रंथपाल म्हणून मला मनापासून सांगायचं आहे, कारण हे माप आमच्या कामातून आलेलं आहे. युजीन गारफिल्ड यांनी फिलाडेल्फियात सायन्स सायटेशन इंडेक्स उभा केला तेव्हा त्यात कोणती जर्नल घ्यायची हे ठरवायला ते माप होतं, आणि पुढे आम्ही ते वर्गणी भरण्यासाठी वापरलं. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन, एवढाच त्याचा अर्थ. माणसाचे पेपर ज्या जर्नलांत आले त्यांचे इम्पॅक्ट फॅक्टर बेरजेला लावून 'एकूण इम्पॅक्ट' लिहिलेला बायोडेटा तुमच्याकडे आला, तर ती ओळ सरळ खोडा. त्या बेरजेला काही अर्थ नाही. नियुक्ती, बढती आणि निधीच्या निर्णयांत हे माप वापरू नये, असं सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात २०१२ पासून लिहिलेलं आहे. हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत.

आता इतिहासाचे सर. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे मुख्यतः इंग्रजी जर्नलांचे डेटाबेस आहेत. मराठी नियतकालिकांतलं लेखन, मराठी ग्रंथ, संपादित बखरी, मोडीतून लिप्यंतर केलेली कागदपत्रं, कोशांतल्या नोंदी, यांचा तिथे जवळजवळ पत्ताच नसतो. त्यामुळे सरांचं 'शून्य' हे त्यांच्या कामाचं माप नाही. ते डेटाबेसच्या पोचेचं माप आहे. लायडन जाहीरनामा म्हणून २०१५ मध्ये दहा तत्त्वं प्रसिद्ध झाली, त्यातलं एक नेमकं हेच सांगतं की स्थानिक महत्त्वाच्या संशोधनातली गुणवत्ता जपा. सांगणारे या मापांचेच तज्ज्ञ होते. सरांसाठी आकडा शोधू नका. त्यांच्या ग्रंथांवर कुणी परीक्षणं लिहिली, कोणत्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात किंवा पीएच.डी. प्रबंधांच्या संदर्भांत ते ग्रंथ आहेत, कोणतं नवं साधन त्यांनी उजेडात आणलं, हे दोन पानांत लिहून घ्या आणि बाहेरच्या दोन इतिहासकारांना ग्रंथ वाचून अभिप्राय द्यायला सांगा. शोधगंगेवर प्रबंध खुले आहेत, संदर्भ शोधणं शक्य आहे. वेळ लागेल.

यूजीसीच्या केअर या मान्य जर्नलांच्या यादीत लेख आहेत की नाहीत, हा निकषही तुमच्या मसुद्यात मला दिसला. ती यादी २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने बंद केली आहे. केअरच्या आधीची यूजीसीची यादी किती भरवशाची होती, हे २०१८ मध्ये पुण्यातल्या अभ्यासकांनी तपासलं होतं. विद्यापीठांकडून आलेल्या नावांपैकी त्यांनी तपासलेल्या १,००९ जर्नलांत ८८ टक्क्यांहून अधिक अपात्र ठरली होती. 'यादीत आहे' हा शिक्का वाचनाची जागा घेऊ शकत नाही, हे आपण महाराष्ट्रात राहून तरी विसरू नये.

सायटेशनने काय निसटतं याचं आपल्या मातीतलं एक उदाहरण देते, समितीत सांगायला उपयोगी पडेल. गोव्यातल्या कोसबेंमध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते, त्या काळातले त्यांचे दोन पेपर बघा. १९४४ चा पेपर जनुकीय नकाशावरची अंतरं काढायच्या सूत्राचा. आजही पिकांचे जनुकीय नकाशे काढणाऱ्या संगणक प्रणालींत 'कोसंबी' हा पर्याय असतो आणि संशोधक तो निवडतात. मूळ पेपरचा उल्लेख मात्र प्रत्येक जण करत नाही, कारण ते नाव आता सूत्राचं झालं आहे. १९४३ चा पेपर भारतीय गणित परिषदेच्या जर्नलमधला. त्यातली कल्पना पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि जगात ती त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते. शिवाय नाणेशास्त्र आणि प्राचीन भारताचा इतिहास यांतलं त्यांचं काम बहुतांश ग्रंथांत. आजच्या आपल्या फॉर्ममध्ये कोसंबींना 'विषय' या एका खान्यात काय भरायला सांगितलं असतं?

साधनांबद्दल : तुमच्या कॉलेजकडे स्कोपसची वर्गणी नाही म्हणता, तरी अडत नाही. ओपनअॅलेक्स हा २०२२ मध्ये सुरू झालेला मुक्त डेटाबेस आहे. त्यात पेपरनिहाय विषयसापेक्ष भागाकार आणि टक्केवारी दोन्ही मिळतात. वैद्यकाशी संबंधित पेपर असतील तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं (एनआयएच) आयसाइट हे साधन वापरा. तिथे तुलनेचं क्षेत्र जर्नलवरून ठरत नाही, त्या पेपरबरोबर आणखी कुठले पेपर उल्लेखले जातात त्यावरून ठरतं, म्हणून मघाची खान्याची अडचण पुष्कळ कमी होते. गूगल स्कॉलर मी शेवटी बघते, पडताळ्यासाठी. एका अहवालात एकच डेटाबेस वापरा आणि कोणता, कोणत्या तारखेला बघितला ते लिहा. एकाचा आकडा स्कोपसचा आणि दुसऱ्याचा गूगलचा, असं झालं की बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

मी तुमच्या जागी असते तर प्रत्येकाला एकच पान दिलं असतं. वर तपासलेली यादी आणि कारकिर्दीची वर्षं, रजा किंवा खंड असेल तर तोही. मधे त्यांच्या क्षेत्राशी केलेली तुलना, दोन-तीन आकड्यांत, आणि ते आकडे किती हलू शकतात याची एक ओळ. खाली त्यांनी स्वतः निवडलेले पाच पेपर किंवा ग्रंथ, आणि प्रत्येकापुढे त्यात आपण स्वतः काय केलं ते चार वाक्यांत. मग ते पाच-पाच नग बाहेरच्या, त्याच विषयातल्या दोघांकडे वाचायला जाऊ द्या. पंधराच नग आहेत. एवढं वाचून घेणं कोणत्याही कॉलेजला जमण्यासारखं आहे.

आणि प्राचार्यांशी एकदा बोला. गणित-विज्ञान, समाजविज्ञान आणि भाषा असे पुरस्कार वेगळे करता येतात किंवा दरवर्षी एका शाखेला आळीपाळीने देता येतो. त्यांना हवी असलेली गोष्ट, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, ती सूत्रापेक्षा त्यातून लवकर मिळेल. यंदा एकच द्यायचा असेल तर बाहेरच्या वाचकांचे अभिप्राय आल्यावर समितीने कारणं लिहून निर्णय घ्यावा आणि ती कारणं तिघांनाही द्यावीत. गणिताच्या सरांच्या क्षेत्राचं नेमकं नाव कळलं आणि यादी हातात आली की मला कळवा. ओपनअॅलेक्समधून तुलना कशी काढायची ते मी त्या यादीवरच करून दाखवीन.